दोनशे सोळा तारखेचं कीर्तन

बुवांचा चेहरा दीड वीत लांब झाला आहे, हे मला पहिल्यांदा कळलं ते सभागृहाच्या आरक्षणाच्या खिडकीवर, पाठीमागे अकरा माणसांची रांग उभी असताना.

"हे तुमचे कीर्तनकार?" खिडकीवरच्या बाईंनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवून विचारलं.

मी पाहिलं. बुवाच होते. कपाळ बुवांचं, नाक बुवांचं, हसूही बुवांचंच. पण कुणीतरी त्यांना वरून टोपीला आणि खालून हनुवटीला धरून ओढल्यासारखे दिसत होते. ज्या माणसाचं नुसतं दर्शन झालं की माझ्या जिवाला थंडावा वाटतो, तो माणूस एखाद्या बोगद्यातून डोकावणाऱ्या घोड्यासारखा माझ्याकडे बघत होता.

"आणि ही तारीख?" बाईंनी पेनाचं टोक पडद्यावर टेकवलं.

तिथे ठसठशीत अक्षरांत '२१६' असं लिहिलेलं होतं.

"मॅडम, ती तारीख एकवीस आहे. आणि वेळ सहा. संध्याकाळी."

"इथे दोनशे सोळा दिसतंय. दोनशे सोळा तारीख ज्या महिन्यात येते त्या महिन्याचं आरक्षण आम्ही अजून सुरू केलेलं नाही."

रांगेतली अकराही माणसं हसली. त्यातला एक तर स्वतःचा अर्ज नामंजूर झालेला माणूस होता, तोही हसला. माणसाला दुसऱ्याच्या फजितीत स्वतःचं दुःख विसरता येतं, हे बुवांनी निरूपणात अनेकदा सांगितलं आहे; पण मी तेव्हा श्रोत्यांच्या बाजूला असायचो.

आता हे प्रकरण काय ते सांगतो. आमचं कीर्तनप्रेमी मंडळ बावीस माणसांचं. बुवा आमच्यासमोर वर्षातून एकदा या सभागृहात उभे राहतात. यंदा मात्र एकवीस तारखेला कीर्तन करून बावीसला बुवा मुलीकडे, दूरच्या गावी, कायमचे राहायला जाणार होते. म्हणजे हे शेवटचं. आणि नेमका यंदाच सभागृहाच्या कार्यालयाने नवा नियम काढला: अर्ज करणाऱ्या संस्थेचं स्वतःचं वेबपान असावं, आणि त्यावर वक्त्याचं छायाचित्र, कार्यक्रमाची तारीख व वेळ आणि संपर्काचा क्रमांक या गोष्टी 'सुस्पष्ट' दिसाव्यात. कुठे दिसाव्यात? तर खिडकीवरच्या संगणकावर. शुक्रवारी पाचपर्यंत तसं दिसलं नाही, तर ती संध्याकाळ रांगेतल्या पुढच्या संस्थेची. ती संस्था गालिच्यांचं प्रदर्शन भरवणार होती.

मंडळाच्या बैठकीत "हे पान कोण करणार?" असा प्रश्न निघाला, तेव्हा बावीसपैकी एकवीस माणसांनी एकाच वेळी चष्मे पुसायला घेतले. मी चष्मा घरी विसरलो होतो. शिवाय मी जन्मभर लाकडी कपाटांची रेखाचित्रं काढलेला माणूस. दार कुठे, कप्पा कुठे, बिजागरी कुठे, हे ठरवण्यात चौतीस वर्षं गेली. वेबपान म्हणजे तरी काय, उभं केलेलं कपाटच. मी म्हणालो, "मी करतो." हे दोन शब्द माणसाने तोंडातून काढण्याआधी देवाचं नाव घ्यावं, म्हणजे तेवढा वेळ तरी विचाराला मिळतो.

पण मी ते केलं! एक महिना शिकलो. पानाचे दोन कागद असतात, एकावर मजकूर आणि दुसऱ्यावर तो मजकूर कसा मांडायचा याच्या सूचना. त्या सूचनांच्या कागदाला स्टाइल म्हणतात. डावीकडे बुवा, उजवीकडे मोठ्या अंकांत तारीख, तिच्या शेजारी बोटभर जागा सोडून वेळ, आणि खाली बारीक राखी रंगात 'तारीख', 'वेळ' हे शब्द, शोभेसाठी. माझ्या घरच्या पडद्यावर ते पान इतकं देखणं दिसत होतं की मी ते दिवसातून सात-आठ वेळा नुसतं उघडून बघत असे.

हेच मी खिडकीवरच्या बाईंना सांगितलं. "मॅडम, माझ्या घरी अगदी व्यवस्थित दिसतं."

"मग सभा घरीच घ्या," बाई म्हणाल्या.

"तुमचा ब्राउझर जुना असेल. तेवढा नवा करून घेता आला तर..."

"त्यासाठी संगणक विभागाला अर्ज करावा लागतो."

"मग करू या ना!"

"तो ऑनलाइन करायचा असतो. आणि तो अर्ज या ब्राउझरमध्ये उघडत नाही." बाईंनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की त्यांनी या प्रश्नावर बरीच वर्षं चिंतन केलं असावं. "पुढचे!"

घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घरात सरळ आणि बाहेर गेलं की वाकडं? माहेरच्या प्रत्येक लग्नात बघितलंय मी हे."

मी तिकडे दुर्लक्ष केलं. माझ्या मनात एक गोष्ट स्वच्छ झाली होती. पोथी एकच असते, पण निरूपण ज्याचं त्याचं. मी लिहिलेल्या सूचना एकच. माझा ब्राउझर त्यांचा एक अर्थ लावतो, बाईंचा दुसरा. 'या दोन आकड्यांत बोटभर अंतर ठेव' ही ओळ माझ्या ब्राउझरला समजते, बाईंच्या म्हाताऱ्या ब्राउझरला ती ओळ ठाऊकच नाही. आणि न समजलेल्या ओळीबद्दल तो चकार शब्द काढत नाही. तसाच पुढे वाचत जातो. असे श्रोते मी पाहिले आहेत. मान मात्र डोलवत असतात.

ही बातमी संध्याकाळपर्यंत आमच्या इमारतीच्या चारही मजल्यांवर पोचली. (बायको गच्चीत कपडे काढायला गेली होती.) सर्वांत आधी वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य उतरले. त्यांनी माझी स्टाइलची फाइल उघडून, भिंग लावल्यासारखा चेहरा करून पाहिली आणि म्हणाले, "मुळापासून काढावं लागेल."

"सगळंच?"

"ठेवून उपयोग नाही. आज नाही तर उद्या ठणका लागेलच."

मग आल्या शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका. या बाईंना मी जरा टाळतोच. सल्ला देताना त्या अजूनही 'हाताची घडी' म्हणतात, आणि मी ती घालतो. त्या म्हणाल्या, "तुम्ही दुरुस्ती कराल हो, पण त्या खिडकीवरच्या संगणकाला जुनंच पान लक्षात असेल. ब्राउझर घोकंपट्टीवाले असतात. एकदा पाहिलेलं तेच परत दाखवतात. कंट्रोलची कळ धरून ठेवायची आणि एफ-पाच दाबायची, की पाटी कोरी. आणि माझ्याकडे एक जुना संगणक आहे, त्याच्यावर पाहायचं असेल तर..."

"बघू, बघू," मी म्हणालो. ज्या माणसाने चौतीस वर्षं कपाटं काढली त्याला बारा वर्षांपूर्वी घेतलेल्या संगणकावर विणकामाचे नमुने साठवणाऱ्या बाईंनी ब्राउझर शिकवावा, हे माझ्या स्वाभिमानाला झेपलं नाही. हा स्वाभिमान पुढे मला चार दिवस पुरला. चांगल्या मापाचा होता.

मंगळवारी मी पोलादी पट्टी काढली. माझा विचार असा होता: अर्थ लावायला वाव ठेवला म्हणून घोटाळा झाला. वावच ठेवायचा नाही. प्रत्येक गोष्टीचं माप लिहून द्यायचं. कपाटाच्या चित्रावर आपण 'दार जरा ऐसपैस' असं लिहितो का? मी पट्टी पडद्याला लावून बुवांची रुंदी, उंची, तारखेपासून वेळेचं अंतर, क्रमांकाचं अंतर, सगळं मोजून पक्कं ठोकलं. घरी पान पुन्हा देखणं दिसलं. मी बायकोला बोलावलं. तिने तिच्या फोनवर उघडलं आणि म्हणाली, "बुवांचा अर्धा चेहरा आहे. उरलेला कुठे ठेवलात?"

"फोनचं सोड. आपल्याला खिडकीशी काम आहे."

बुधवारी खिडकीवर गेलो. बाईंनी पान उघडलं. म्हाताऱ्या ब्राउझरला नशिबाने आधीचं पान आठवलं नाही. बुवा प्रमाणात! तारीख एकवीस, वेळ सहा, मधे बोटभर अंतर! मी देवाचे आभार मानायला डोळे मिटले, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "संपर्क क्रमांक?"

"तो काय, उजवीकडे..."

उजवीकडे पडदा संपला होता. बाईंचा पडदा माझ्यापेक्षा लहान. माझ्या पक्क्या मापांचं पान त्यात मावत नव्हतं, आणि आमच्या मंडळाचा क्रमांक पडद्याच्या काठापलीकडे, बाईंच्या फायलींच्या कपाटात कुठेतरी गेला होता.

"मॅडम, एक विनंती. मी तुमचा पडदा मोजू का?" असं म्हणून मी खिशातून पोलादी पट्टी काढली.

यात मला काही गैर वाटलं नव्हतं. कुठल्याही कपाटाच्या कामाला आधी जागा मोजतात. पण खिडकीच्या फटीतून चकाकणारी पट्टी आत येताना पाहून बाई खुर्चीसकट दोन हात मागे गेल्या, आणि दारावरचा पहारेकरी माझ्याशेजारी येऊन उभा राहिला.

"आजोबा, ती इकडे द्या."

पट्टी गेली त्याचं दुःख नाही. पण 'आजोबा'! त्या माणसाच्या मिशा माझ्यापेक्षा पांढऱ्या होत्या. त्याने पट्टी जप्त वस्तूंच्या वहीत 'लांब, टोकदार नाही, एक' अशी नोंदवली आणि बाहेर पडताना सही घेऊन परत दिली. शेजारच्या बाकावर गालिच्यांच्या संस्थेचे चिटणीस बसले होते. ते अतिशय मृदू आवाजात म्हणाले, "आमचं पान पहिल्याच फेरीत उघडलं हो. त्यात काहीच नाही ना, नुसती चार वाक्यं आहेत." आणि जाता जाता माझ्या हातात गालिच्याचं माहितीपत्रक ठेवलं.

गुरुवारी मी हरलो. अगदी खरं सांगतो. मापं ठेवली तर क्रमांक गायब, काढली तर पुन्हा घोडा. बुवांना फोन केला आणि म्हणालो, "बुवा, तुमचा आणखी एखादा फोटो आहे का? जरा रुंद चेहऱ्याचा?"

पलीकडून बुवा म्हणाले, "चेहरा रुंद करायला मुदत कधीपर्यंत आहे?" आणि तासाभरात स्वतःच घरी हजर झाले. घराची बांधाबांध अर्धी टाकून आले होते. बाहीला चिकटपट्टीचा एक तुकडा तसाच होता. मी त्यांना सगळं सांगितलं. दोनशे सोळा, घोडा, पट्टी, पहारेकरी, सगळं. आणि शेवटी म्हणालो, "बुवा, मला क्षमा करा. तुमचं शेवटचं कीर्तन माझ्यामुळे गालिच्याखाली गेलं."

बुवांनी खुर्ची ओढली. "कपाटवाले," ते मला याच नावाने हाक मारतात, "मी किती ठिकाणी कीर्तनं केली असतील?"

"हजारांवर."

"प्रत्येक ठिकाणी पेटी चांगली असते? पेटी असतेच असं तरी असतं?"

"नाही."

"मग मी काय करतो?"

मी बावीस वर्षं पहिल्या रांगेत बसतो आहे, पण हे मी कधी विचारलंच नव्हतं.

बुवा म्हणाले, "मी घरी कीर्तन बांधतो ते नुसत्या टाळावर उभं राहील असं. पेटी नाही, मृदंग नाही, ध्वनिवर्धक नाही, असं धरूनच. तेवढ्यावर कथा पोचली पाहिजे. मग तिथे गेल्यावर आधी विचारतो, 'पेटी आहे का हो?' आहे म्हणाले, तर पेटीवर चार ताना जास्त. नाही म्हणाले, तर कुणाला कळतही नाही की इथे ताना होत्या. तुम्ही काय केलंत? पेटी गृहीत धरलीत. आणि पेटी नाही म्हटल्यावर पट्टी काढलीत."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "बुवा, हे तुम्ही बावीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं."

मी उठलो. शप्पथ सांगतो, असा मोकळा श्वास मी महिनाभरात घेतला नव्हता. मी सगळी मापं पुसली, शोभा पुसली. दंतवैद्य बरोबरच म्हणाले होते, मुळापासून काढायला हवं होतं. फक्त हिरडी ठेवायची होती. मग साधं पान लिहिलं: वर बुवा, त्यांच्या खाली एका ओळीत 'तारीख एकवीस', पुढच्या ओळीत 'वेळ संध्याकाळी सहा', त्याखाली क्रमांक. एकाखाली एक. यात कुठल्याही ब्राउझरला अर्थ लावण्यासारखं काही नव्हतं. आणि त्यानंतर, बुवांच्या पद्धतीने, ब्राउझरला विचारायची एक ओळ घातली. ती ओळ खरंच असते! 'तुला शेजारीशेजारी मांडून मधे अंतर ठेवता येतं का? येत असेल तर पुढचं वाच. येत नसेल तर तुझं झालं, तू बस.'

आता पाहायचं कुठे? जुना ब्राउझर कुठून आणायचा?

मी माझा स्वाभिमान दाराबाहेर चपलांजवळ ठेवला आणि बुवांना घेऊन मुख्याध्यापिका बाईंची घंटी वाजवली.

"चार दिवस लावलेत," त्या म्हणाल्या. "या."

त्यांच्या संगणकाने उघडायला इतका वेळ घेतला की बाईंनी मोज्याची टाच विणून पूर्ण केली. आत तोच म्हातारा ब्राउझर! पान उघडलं आणि मी कपाळाला हात लावला. दोनशे सोळा. पुन्हा घोडा.

"मी सोमवारी तुमचं पान इथे उघडून पाहिलं होतं," बाई म्हणाल्या. "त्याला तेच आठवतंय. काय सांगितलं होतं मी?"

"कंट्रोल आणि एफ-पाच."

"मग दाबा. हाताची घडी काढा आणि दाबा."

दाबलं. पडदा पांढरा झाला, आणि वरून हळूहळू बुवा उतरले. गोल, हसतमुख, जसे देवाने केले तसे. खाली एकवीस. त्याखाली सहा. त्याखाली क्रमांक. बुवा माझ्यामागे उभे होते, ते स्वतःकडे पाहून म्हणाले, "बरा आहे की माणूस."

शुक्रवारी पावणेपाचला मी खिडकीवर होतो. बुवा बरोबर आले होते. गालिच्यांचे चिटणीसही बाकावर होते. पाच वाजायची वाट बघत, घड्याळाकडे न बघता. बाईंनी पान उघडलं आणि पडदा माझ्याकडे वळवला.

संपर्क क्रमांक गायब. बुधवारचं पान.

"मॅडम," मी म्हणालो, "हे जुनं आहे. याला जुनंच आठवतंय. कंट्रोल धरून एफ-पाच दाबलं तर..."

बाईंनी कळफलक उचलून मला दाखवला. वरच्या सगळ्या ओळीवर चिकटपट्टी लावलेली होती आणि तिच्यावर लिहिलं होतं: 'संगणक विभागाच्या परवानगीवाचून या कळा बोटाने दाबू नयेत.'

"परवानगीचा अर्ज...?"

"ऑनलाइन," बाई म्हणाल्या.

घड्याळात नऊ मिनिटं उरली होती. तेव्हा बुवा पुढे झाले आणि खिडकीला वाकून म्हणाले, "बाई, नियम तुम्ही मोडू नका. तुमची नोकरी आहे. मी म्हातारा माणूस, उद्या-परवा गाव सोडून जाणारच आहे. तुमचा वेळ घेतला, राग मानू नका." आणि ते खरोखरच वळले.

बाई बुवांकडे पाहत राहिल्या. मग पडद्यावरच्या बुवांकडे. मग चिकटपट्टीवरचा मजकूर त्यांनी पुन्हा एकदा, सावकाश, ओठ हलवत वाचला.

"बोटाने," त्या म्हणाल्या.

त्यांनी डाव्या हाताच्या कोपराने कंट्रोलची कळ दाबून धरली. ती कळ खालच्या ओळीत होती. तिच्यावर बंदी नव्हती. उजव्या हाताने टेबलावरचा शिक्का उचलला, शाईच्या गादीवर सवयीने टेकवला, आणि एफ-पाचवर मारला. धाड!

पडदा पांढरा झाला. रांग श्वास रोखून उभी. आणि वरून, हळूहळू, बुवा उतरले. एकवीस तारीख. संध्याकाळी सहा. संपर्क क्रमांक, शेवटच्या आकड्यासकट.

"सुस्पष्ट," बाई म्हणाल्या, आणि त्याच शिक्क्याने माझ्या अर्जावर दुसरा घाव घातला. शिक्का 'मंजूर'चा होता. त्या कार्यालयातल्या एफ-पाचवर तो शब्द चिकटपट्टीसकट आजही आहे, आणि संगणक विभागाने ती परवानगीच समजली असावी, कारण त्यानंतर कुणी काही बोललं नाही, असं बाईंनीच मला नंतर सांगितलं.

मी मागे वळलो तेव्हा पहारेकरी टाळ्या वाजवत होता. चिटणीस उठून म्हणाले, "अभिनंदन," आणि पुन्हा एकदा माहितीपत्रक दिलं.

एकवीस तारखेला सभागृह इतकं भरलं की बाजूच्या पायऱ्यांवरही माणसं. माझं पान पाहून आलेली कितीतरी होती, म्हाताऱ्या ब्राउझरांची आणि तरुणांचीही. दंतवैद्य, मुख्याध्यापिका बाई, झाडून सगळे. सहाला दोन मिनिटं असताना कळलं की पेटीवाले दारावर अडकलेत. पेटीला आत यायला वेगळा पास लागतो. बुवांनी सभागृहाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि टाळ उचलला. नुसत्या टाळावर कीर्तन उभं राहिलं. कुणाला काही कमी वाटलं नाही. लोक डोलत होते, समजून डोलत होते. आणि पंधरा मिनिटांनी पेटी आली, बुवांच्या भुवईची खूण झाली आणि पहिला स्वर भरला, तेव्हा सगळं सभागृह एकदम उजळल्यासारखं झालं.

तिसऱ्या रांगेत खिडकीवरच्या बाई बसल्या होत्या. पेटी सुरू झाली तशा त्या मागे वळल्या आणि माझ्याकडे बघून मान हलवली. बुवांची टाळ-पेटीची गोष्ट मी त्यांना शुक्रवारी खिडकीवर सांगितली होती; त्यांना कळलं होतं. एवढ्या माणसांत त्यांना आणि मला.

माझे डोळे भरून आले. बावीस वर्षांत बुवांनी रडवलं नाही असं एकही कीर्तन नाही, पण या वेळी अजून पूर्वरंगच चालला होता, कथा सुरूही व्हायची होती. बायकोने कोपराने मला ढोसलं.

"असे तोंड पाडून बसू नका," ती कुजबुजली. "चेहरा लांब दिसतोय."

आणि तिने आपल्या रुमालाचं अर्धं टोक मला दिलं. उरलेलं अर्धं तिला लागत होतं.